लॅगिंगच्या हिशेबात व्हॉल्व्हही धरा

महोदय,

इचलकरंजीतील प्रोसेस हाउसना (कापड रंगवून-वाळवून देणाऱ्या कारखान्यांना) इंधनाचा खर्च किती जड जातो, हे वेगळे सांगायला नको. बॉयलरमधून निघालेली वाफ जिगरपर्यंत (कापड रंगवण्याच्या यंत्रापर्यंत) किंवा ड्रायरपर्यंत पोहोचताना वाटेत किती उष्णता गमावते, याचा अंदाज हल्ली बहुतेक ठिकाणी एक्सेलच्या शीटवर काढला जातो आणि ही पद्धत चांगलीच आहे. मात्र दिवाळीच्या बंदमध्ये लॅगिंग, म्हणजे वाफेच्या पाईपवरचे उष्णतारोधक आवरण, बदलण्यासाठी जी कोटेशने येतात, त्यांच्या शीटमध्ये सूत्रे लॉक केलेली असतात, केवळ शेवटचा आकडा दिसतो आणि सगळी लाईन नवी, कोरडी व सरळसोट आहे असे गृहीत धरलेले असते. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ नुसार ऊर्जा लेखापरीक्षणाची सक्ती ठरवून दिलेल्या मोठ्या ग्राहकांनाच आहे. आमच्याकडचे लहान घटक सहसा त्यात बसत नाहीत, त्यामुळे हा आकडा तपासणारे दुसरे कोणी नसते.

हिशेब अवघड नाही. चार इंची पाईपचा बाहेरचा व्यास सुमारे ११४ मिलिमीटर असतो. आत सात किलो दाबाची, म्हणजे साधारण १७० अंश सेल्सिअसची वाफ, बाहेर ३० अंशांची स्थिर हवा आणि वर ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडी तंतूंचे लॅगिंग) असेल, तर रॉकवूलची उष्णतावाहकता ०.०५ वॅट प्रतिमीटर प्रतिअंश आणि बाहेरच्या पृष्ठभागावरून हवेत उष्णता जाण्याचा गुणांक १० (वॅट प्रतिचौरसमीटर प्रतिअंश) धरून मीटरमागे सुमारे ६५ वॅट उष्णता जाते व क्लॅडिंगचे (लॅगिंगवरच्या पत्र्याचे) तापमान ४० अंशांच्या आसपास राहते. जाडी २५ मिलिमीटर ठेवली तर हा ऱ्हास १०४ वॅट होतो आणि ७५ केली तर ५० वॅट. तोच पाईप उघडा असेल तर मीटरमागे सुमारे ९०० वॅट जातात. म्हणजे पहिल्या २५ मिलिमीटरनेच बहुतांश काम केलेले असते आणि पन्नासाचे पंचाहत्तर करण्यावर घासाघीस करण्याआधी लाईनीवर उघडे काय राहिले आहे ते पाहणे अधिक फायद्याचे ठरते.

सूत्रे उघडी हवीत, असा माझा आग्रह आहे, कारण चूक एका सेलमध्ये लपते. पाईप गोल असल्यामुळे लॅगिंगच्या बाहेरच्या व आतल्या त्रिज्येच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम घ्यावा लागतो. एक्सेलमध्ये ‘एलएन’ऐवजी ‘लॉग’ लिहिले, तर ते दहाच्या पायाने उत्तर काढते आणि ६५ च्या जागी जवळजवळ १३८ वॅट दिसतात. लॅगिंग सपाट भिंतीसारखे समजून पाईपच्या क्षेत्रफळाला थेट जाडीने भागले, तर ५० वॅट येतात, म्हणजे ऱ्हास जवळपास पावपट कमी दिसतो. रॉकवूलची वाहकता तापमानाबरोबर वाढते, म्हणून पत्रकावरचा खोलीच्या तापमानाचा आकडा न घेता लॅगिंगच्या सरासरी तापमानाचा, म्हणजे येथे सुमारे १०५ अंशांचा, आकडा घ्यावा.

उष्णतेची सर्वांत मोठी गळती मात्र शीटमध्ये बहुधा नसतेच. ग्लँड (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचे सील) कसण्यासाठी फिटरला हात घालता यावा म्हणून व्हॉल्व्ह आणि फ्लँज (पाईप जोडणाऱ्या बोल्टच्या चकत्या) उघडे ठेवले जातात. चार इंची उघडा व्हॉल्व्ह साधारण एक मीटर उघड्या पाईपइतकी, म्हणजे लॅगिंग केलेल्या सुमारे चौदा मीटर लाईनीइतकी उष्णता गमावतो. वर्षातले तीनशे दिवस, चोवीस तास वाफ चालू असेल, कोळशाचे उष्मांकमूल्य किलोमागे ४५०० किलोकॅलरी आणि बॉयलरची कार्यक्षमता ७५ टक्के असेल, तर एकट्या व्हॉल्व्हपायी वर्षाला सुमारे १.६ टन कोळसा जळतो. पट्टे लावून काढता-घालता येणारी जॅकेट बाजारात मिळतात. फिटरची अडचण खरी आहे आणि तिच्यावर हा सरळ उपाय आहे.

तेव्हा कोटेशन मागवताना शीट अनलॉक केलेली मागावी आणि तिच्यात व्हॉल्व्ह, फ्लँज व भिजलेल्या लॅगिंगचे स्वतंत्र रकाने असावेत. ते रकाने ऑफिसात बसून न भरता बॉयलरपासून मशीनपर्यंत लाईनीखालून चालत भरावेत. पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे क्लॅडिंगचे सांधे उघडे पडून पावसात भिजलेल्या तुकड्याला ०.०५ चा आकडा लावणे चुकीचे आहे. काम झाल्यावर इन्फ्रारेड गनने तापमान घेणार असाल, तर चकचकीत ॲल्युमिनियमवर ती प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी दाखवते. तेथे काळी चिकटपट्टी लावून, ती तापू देऊन, तिच्यावर नेम धरावा. शीट ४० अंश सांगते आणि पट्टीवर ६० दिसतात, असे आढळले तर बिलावर सही करण्याआधी त्या जागेचे क्लॅडिंग उघडायला लावावे.

— बॉयलर विभागातील एक अभियंता, इचलकरंजी