रात्री आठची गाडी पावणेसातला सोडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात राहतो. रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) आणि कांडाळी (मासळी अडकवायचं पाण्यात सोडायचं जाळं) यांचा धंदा, वडिलांपासूनचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होडी शाकारून ठेवली की आम्ही माडाखाली बसून जाळी तुणतो. यंदा त्या दिवसांत मी एक वेगळंच जाळं केलं. ते बांधायला गेलो तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं, ते आपल्या पत्रातून मांडावं म्हणून लिहितो आहे.

माझी मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर आहे. संघात सोळा मुली. बहुतेक जणी शाळेत कबड्डी नाहीतर खो-खो खेळलेल्या, पायाला चेंडू लागला तो कॉलेजात आल्यावरच. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतले कोकण विभागाचे सामने यंदा गणपतीनंतर आहेत. त्यातून पुढे गेलं की मुंबई-ठाण्याच्या कॉलेजांशी गाठ. तिथे ज्यांचा खेळ डोळ्यांत भरतो, त्यांना विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायला मिळतं. खाडीकाठच्या मुलीला एवढी लांबची वाट दाखवणाऱ्या गोष्टी आमच्याकडे फार नाहीत.

जूनच्या अखेरीला ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, गोलपोस्टाक जाळां नाय. बॉल आत गेलो काय भायर, ताच कळणा नाय. रोज भांडणां होतत."

मी विचारलं, "केवढां व्हयां?"

"सात मीटर बत्तीस सेंटिमीटर रुंद, दोन मीटर चव्वेचाळीस उंच."

आम्ही मीटरने मोजत नाही, वावाने मोजतो. दोन्ही हात पसरले की एक वाव, सहा फूट. हिशेब केला तर चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच, म्हणजे रुंदी बरोबर चार वाव. दोर घेऊन अंगणात चार वेळा हात पसरले, दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या आणि मुलीला मध्ये उभं केलं. तिची उंची पाच फूट दोन इंच. डोक्यावर जवळजवळ तीन फूट मोकळे, डावीकडे-उजवीकडे हात पसरूनही दीड-दीड वाव उघडे. ती किती मोठी जागा एकटीने राखते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. दोन वर्षं ती हे करत होती आणि मी फक्त तिचे लाल मातीने भरलेले कपडे पाहत होतो.

जुन्या रापणीतला जाड दोऱ्याचा भाग काढला, फाटके आस (जाळ्याचे डोळे) नव्याने विणले, वाऱ्याने उडू नये म्हणून खालच्या दोराला शिसं तसंच ठेवलं. दोन जाळ्यांना नऊ दिवस लागले. ती बांधायला मैदानावर गेलो आणि मग पुढचे तीन आठवडे जवळजवळ रोज जात राहिलो.

आता तिथलं वेळेचं गणित सांगतो. शेवटचा तास चारला सुटतो. कपडे बदलून मुली सव्वाचारला मैदानावर येतात. खाडीकडच्या गावांना जाणारी एस.टी. पाच दहाला सुटते आणि मैदानापासून स्टँड बारा मिनिटं चालत आहे. म्हणून पाच वाजायला पाच मिनिटं असताना सोळापैकी नऊ मुली पिशव्या उचलतात. चाळीस मिनिटं. त्यानंतरची गाडी थेट रात्री आठला, वस्तीची. ती आमच्या फाट्यावर सव्वानऊला पोचते. तिथून काही मुलींची घरं अर्धा-पाऊण तास आत आहेत, पावसात, काजूच्या बागांमधून. कुठला बाप हो म्हणेल? मी तर नाही म्हणालो होतो.

चाळीस मिनिटांत काय होतं, तेही सांगतो. गेल्या वर्षी संघाला शिकवणाऱ्या सरांनी वॉर्म-अप आटोपता घ्यायचं ठरवलं होतं. मैदानाला एक फेरी, दोन-चार वेळा हातपाय झटकले की लगेच खेळ. कोणी आळशी होतं म्हणून नव्हे, वेळच नव्हता. सप्टेंबरात एका सरावाच्या वेळी बचावातली एक मुलगी डोक्याने चेंडू मारायला (हेडरला) उडाली आणि एका पायावर उतरली. गुडघा आतल्या बाजूला वळला. टक् असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला, असं ती सांगते. गुडघ्यातली मुख्य लिगामेंट तुटली होती. जिल्ह्याबाहेर नेऊन ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी नऊ महिने ते वर्षभर खेळायचं नाही म्हणून सांगितलं. ती मुलगी संघातली सगळ्यात वेगवान धावणारी होती.

वॉर्म-अप पुरा झाला असता तर हे टळलं असतं का, हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण ही दुखापत फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये मुलांपेक्षा दुप्पट-तिप्पट आढळते, हे मला सरांकडून कळलं. आणि ती कमी करण्यासाठी फिफाने वीस मिनिटांचा एक ठरलेला वॉर्म-अप तयार केला आहे. त्याचं नाव 'इलेव्हन प्लस'. आठ मिनिटं हळू धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल यांचे व्यायाम, शेवटची दोन मिनिटं जोरात धावणं. नॉर्वेमधल्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींच्या संघांवर तो करून पाहिला गेला आणि २००८ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. त्याला ना यंत्र लागतं ना पैसा. लागतात ती वीस मिनिटं.

मी तो आता पाठ केला आहे. मुली जोडीजोडीने एका पायावर उभ्या राहतात, एकमेकींना खांद्याने हलकेच ढकलतात आणि तोल सांभाळतात. मग गुडघे वाकवून उडी मारतात. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे, आत झुकता कामा नये. सर फक्त तेवढंच बघत फिरतात. होडीतून उथळ पाण्यात उडी मारताना आम्हीही पोरांना गुडघे वाकवायला सांगतो, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

तर यंदा सरांनी ठाम ठरवलं, वीस मिनिटं पुरी झाल्याशिवाय चेंडू बाहेर काढायचा नाही. योग्यच केलं. पण मग खेळायला उरतात वीस मिनिटं. पाच वाजता नऊ जणी निघून गेल्या की मागे शहरातल्या सात. सातांत संघ होत नाही. कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून गोलसमोर मारलेला चेंडू, कसा अडवायचा, हे अकरा जणी आपापल्या जागी उभ्या असल्याशिवाय शिकता येत नाही. समोरची खेळाडू ऑफसाइड, म्हणजे बचावाच्या ओळीपलीकडे आधीच उभी, सापडावी म्हणून बचावातल्या चौघींनी एका ओळीत पुढे सरकावं लागतं, जशी रापण ओढताना दोन्ही दोरांवरची माणसं एका लयीत मागे येतात. एकजण मागे राहिला की मासळी तिथूनच निसटते. आमच्या बचावातल्या दोघी गाडीच्या आहेत, दोघी शहरातल्या. चौघी मिळून ओळ धरायला त्यांना दिवसाला दहा मिनिटंही मिळत नाहीत. गेल्या वर्षी पहिल्याच सामन्यात तीन गोल खाल्ले, त्यांतले दोन कॉर्नरवरचे. माझी मुलगी त्या रात्री जेवली नाही. मी तिला म्हटलं होतं, पुढच्या वेळी नीट लक्ष ठेव. मला आज त्या वाक्याचं वाईट वाटतं.

एस.टी.बद्दल माझ्या मनात राग नाही, हे मुद्दाम लिहितो. आमच्या मुली शिकल्या त्या लाल डब्याच्या जिवावर. बारावीपर्यंत त्यांना पास फुकट होता, पुढे विद्यार्थ्यांच्या सवलतीचा पास आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून माझी बायकोही मासळीची पाटी घेऊन बाजाराला रिक्षाऐवजी एस.टी.नेच जाते. पाच दहाच्या गाडीला हात लावा, असंही मी म्हणत नाही. बाजारच्या बायका, शाळेची लहान मुलं त्याच गाडीने परततात.

मागणी एकच आहे. रात्री आठची वस्तीची गाडी विभागाचे सामने संपेपर्यंत पावणेसातला सोडावी. जादा गाडी नको, जादा चालक-वाहक नकोत, एक किलोमीटर वाढत नाही. मुलींना सरावाला दोन तास मिळतील आणि आठपर्यंत त्या फाट्यावर उतरतील. तिथे घ्यायला आम्ही बॅटऱ्या घेऊन उभे राहू. श्रावणात सात वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे मैदानावर दिव्यांचीही गरज नाही. चालक-वाहकांनाही वस्तीला सव्वा तास आधी पाठ टेकता येईल. पहाटे सहाला तीच गाडी त्यांना परत काढायची असते.

या बदलाने कोणाची अडचण होईल, हे बघायला मी सोमवार ते शनिवार सहा दिवस स्टँडवर थांबून आठच्या गाडीतली माणसं मोजली. सगळ्यात जास्त दिवशी अकरा, सगळ्यात कमी दिवशी सहा. ती जवळजवळ रोजचीच माणसं. प्रत्येकाशी बोललो. बहुतेकांचं काम साडेसहाच्या आतच आटोपतं, दुसरी गाडी नाही म्हणून ते आठपर्यंत बाकावर बसून राहतात. खरी अडचण दोघांची. ते कापडाच्या दुकानात आहेत आणि दुकान साडेसातला बंद होतं. त्यांना सामने संपेपर्यंत मोटरसायकलवरून घरी सोडायचं, असं आम्ही पालकांनी ठरवलं आहे. वार वाटून घेतले आहेत, गुरुवार माझा. दोघांनीही तशी संमती अर्जावर लिहून सही केली आहे.

तो अर्ज नऊ मुलींच्या पालकांच्या सह्यांनिशी आगारात दिला. पोच मिळाली, त्यालाही आता दोन आठवडे झाले. चौकशीला गेलो तेव्हा वेळ बदलायचं वरून ठरतं असं सांगितलं गेलं. वर म्हणजे कुठे, हे मात्र कळलं नाही. गणपतीला चाकरमान्यांसाठी हजारो जादा गाड्यांचं नियोजन करणारं हे खातं आहे. एका गाडीची वेळ काही आठवड्यांसाठी बदलणं त्यांच्या हाताबाहेरचं असेल, असं मला वाटत नाही. योग्य माणसाच्या टेबलावर ते पोचलेलं नाही, एवढंच असावं. म्हणूनच आपल्या पत्राचा आधार घेतो आहे.

काही गावकरी मला विचारतात, मुलींच्या फुटबॉलसाठी एवढा खटाटोप कशाला. त्यांना मी एकच गोष्ट सांगतो. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमध्ये चियांग माईला भारताच्या मुलींनी यजमान थायलंडला २–१ ने हरवलं आणि आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत जागा मिळवली. पात्रता फेरी जिंकून तिथे पोचण्याची ती आपली पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बास्फोरने केले. ही बातमी मुलीने मला मोबाईलवरून वाचून दाखवली तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. तिने ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज बदलला होता. पलीकडे गोव्याच्या हद्दीत शिरलं की गावोगाव फुटबॉलचं मैदान दिसतं. आमच्याकडे मैदान आहे, मुली आहेत, शिकवणारे सर आहेत, आता जाळीही आहे.

गुडघ्याची ती मुलगी हल्ली रोज मैदानावर येते. धावायला अजून परवानगी नाही. कडेच्या जांभ्याच्या गडग्यावर बसते आणि मोबाईलवर वॉर्म-अपची वीस मिनिटं लावते. पाच वाजत आले की हाक मारायचं कामही तिच्याकडेच आहे. "चला गो, गाडी!" असं ती ओरडते आणि चेंडू जिथे असेल तिथे थांबतो. परवा कॉर्नर घ्यायला एका मुलीने पाऊल मागे टाकलं होतं, तेवढ्यात ती हाक आली. कॉर्नर राहिला.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की मी दर्यावर असेन, मग स्टँडवर आणि आगारात खेपा घालता येणार नाहीत. त्याआधी याचा निकाल लागावा, अशी संबंधित अधिकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. अर्जाची पोच आणि सहा दिवसांच्या मोजणीचा कागद माझ्याकडे आहे. बोलावतील त्या दिवशी, बोलावतील त्या कार्यालयात घेऊन येईन.

आपला नम्र,
एक मच्छीमार पालक
जि. सिंधुदुर्ग