गजाल संपली खंय?

मुंबई,
रविवार, ११ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व जण येथे सुखरूप आहोत. परवा फोनवर बाबांनी एक प्रश्न विचारला आणि तेवढ्यात आईने जेवायला हाक मारल्यामुळे माझे उत्तर अर्धवट राहिले, म्हणून आज सवडीने हे पत्र लिहायला बसले आहे. टीव्हीवर 'कल्की २८९८ एडी' पाहून झाल्यावर बाबा म्हणाले होते, "तीन तास बसलंय, पण गजाल संपली खंय?" तेव्हा मी हसून "दुसऱ्या भागात संपेल" असे म्हटले खरे, परंतु फोन ठेवल्यावर लक्षात आले की गेली काही वर्षे असले अवाढव्य चित्रपट पाहून बाहेर पडताना मला जी चुटपुट लागून राहते, ती बाबांनी तीन शब्दांत सांगून टाकली होती : गोष्ट संपली कुठे?

बाबा, 'कल्की'मध्ये मला सर्वांत जास्त हळहळ वाटली ती अश्वत्थाम्यासाठी. कपाळीची भळभळती जखम घेऊन तेल मागत दारोदार फिरणारा चिरंजीव मला आजीने सांगितला होता आणि तिन्हीसांजेला कोणी दार वाजवले की तो तोच असेल असे वाटून मी आईच्या पदराआड लपत असे. दिग्दर्शक नाग अश्विन यांनी त्याच्या कथेतला नेमका धागा उचलला आहे : ज्याने उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले, त्याच्याच माथी सहस्रावधी वर्षांनंतर एका गर्भवतीचे रक्षण करण्याचे काम येते. एवढ्या एका कल्पनेवर आख्खा चित्रपट उभा राहिला असता. वयाची एक्क्याऐंशी वर्षे पूर्ण केलेले अमिताभ बच्चन त्या भूमिकेत ज्या शांतपणे उभे राहतात, ते पाहून मला तर आता बाकी काही दाखवूच नये असे वाटले होते. पण मग नायकाची बोलकी गाडी येते, तिचे विनोद येतात, ओळखीचे नट पाहुण्यासारखे डोकावून जातात आणि आता खरी गोष्ट सुरू होणार असे वाटते न वाटते तोच पुढच्या भागाचे आमंत्रण हाती पडते. २०२२ साली आलेल्या 'ब्रह्मास्त्र'ची तऱ्हाही अशीच होती. त्याच्या तर नावातच 'भाग पहिला' होते, त्यामुळे निदान फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही.

एक गोष्ट अनेक भागांत सांगण्याला माझा मुळीच विरोध नाही. महाभारताची अठरा पर्वे ऐकत वाढलेल्या माणसाने तसा विरोध करूही नये. माझे म्हणणे इतकेच आहे की एस.टी. कणकवलीला थांबणे वेगळे आणि फोंडा घाटात बंद पडणे वेगळे. पहिल्या ठिकाणी प्रवास अपुरा असला तरी आपण कुठे तरी पोचलेलो असतो, उतरून चहा पिता येतो. दुसऱ्या ठिकाणी नुसते अंधारात बसून राहायचे.

मुक्कामाला पोचलेल्या चित्रपटाचे उदाहरण म्हणून मी 'ड्यून'चा दुसरा भाग सांगेन. तो मी मार्च २०२४ मध्ये चर्चगेट स्थानकासमोरच्या इरॉसमध्ये पाहिला. बाबा, तुम्ही ज्याच्या पायऱ्यांवर आईची वाट पाहत उभे राहायचा तेच हे १९३८ सालचे इरॉस. बरीच वर्षे बंद राहून त्याच्या महिनाभर आधी ते आयमॅक्सचा मोठा पडदा घेऊन पुन्हा उघडले होते. मूळ कादंबरी फ्रँक हर्बर्ट यांची, १९६५ सालची, आणि चित्रपटाचे दिग्दर्शक डेनिस व्हिलनव्ह. वाळूखेरीज काही नसलेला एक ग्रह आहे आणि तिथे माणसाच्या घामातला व श्वासातला ओलावा गाळून पुन्हा प्यायचे पाणी करणारे पोशाख लोक अंगात घालतात. मेलेल्या माणसाच्या शरीरातले पाणीसुद्धा वाया जाऊ देत नाहीत, ते काढून पवित्र कुंडात ओततात. पहिल्या भागात तिथला एक सरदार राजवाड्यात बोलणी करायला येतो आणि सर्वांसमक्ष मेजावर थुंकतो. अंगरक्षक शस्त्राला हात घालतात, तेव्हा जाणकार माणूस समजावतो की हा अपमान नव्हे, हा माणूस आपल्या देहातले पाणी देऊन मान राखतो आहे. (मुंबईत हा मान रस्तोरस्ती राखला जातो, ही गोष्ट निराळी.) एवढा पाऊस झेलूनही मे महिन्यात विहिरीचा तळ पाहणाऱ्या आपल्या गावच्या माणसाला हे जग परके वाटणार नाही. अद्भुत जग उभे करायचे ते असे : एक नियम ठरवायचा, पाणी नाही, आणि मग कपडे, चालीरीती, अंत्यसंस्कार, शिवी आणि सन्मान हे सगळे त्या नियमातून निघू द्यायचे.

शिवाय त्याचा शेवट मला फार मोलाचा वाटतो. तारणहार येणार ही भविष्यवाणी त्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम पेरून ठेवलेली आहे. नायक तिचाच आधार घेऊन त्यांचा पुढारी होतो आणि सारे त्याच्यापुढे गुडघे टेकतात. फक्त त्याच्यावर प्रेम करणारी चानी टेकत नाही. ती पाठ फिरवून निघून जाते. कादंबरीत ती अशी जात नाही, हा दिग्दर्शकाने केलेला बदल आहे आणि माझ्या मते तो मूळच्या लेखकालाही पटला असता, कारण वीरपुरुषांच्या नादी लागू नका हेच तर त्याला सांगायचे होते. तिसरा भाग येत्या डिसेंबरात येणार आहे. पण तो आलाच नाही तरी त्या मुलीच्या चेहऱ्यापाशी माझ्यापुरती गजाल संपलेली आहे.

मार्व्हलच्या महानायकांबद्दल फार लिहीत नाही. २०१९ साली 'एंडगेम'मध्ये त्यांनी सगळ्या कथा एकत्र आणून व्यवस्थित मिटवल्या होत्या आणि त्यानंतर, दुकान बंद करवेना म्हणून, समांतर विश्वांची युक्ती काढली. इथे मेलेला माणूस शेजारच्या विश्वातून परत आणता येतो म्हटल्यावर त्याच्या मरणाला कोणी रडावे कशाला? आपल्याकडे अश्वत्थाम्याला न मरणे हा शाप आहे. त्यांच्याकडे ती सोय आहे.

नाताळच्या सुट्टीत तुमच्या नातवाच्या हट्टाखातर 'अवतार'चा तिसरा भाग पाहिला. फिनिक्स गिरणीच्या आवारात आता जो मॉल आहे तिथे, म्हणजे बाबांच्या गिरणीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर, माणशी सातशे रुपये तिकीट देऊन आम्ही सव्वातीन तास बसलो. (बाबांनी हा आकडा मनावर घेऊ नये.) त्या आवारात जुनी चिमणी अजून उभी आहे आणि तिच्या बाजूने आत जाताना मला दर वेळी तुमचा भोंगा आठवतो. जेम्स कॅमेरॉन यांच्या कसबाविषयी दुमत होऊच शकत नाही. दुसऱ्या भागाच्या वेळी त्यांनी नटांना खरोखर पाण्याखाली उतरवून काम करून घेतले आणि केट विन्स्लेट या अभिनेत्रीने त्यासाठी सात मिनिटांहून अधिक काळ श्वास रोखून दाखवला होता. या खेपेला ज्वालामुखीच्या राखेत राहणारी, आपल्या देवतेवर रुसलेली एक जमात येते. त्या जमातीच्या म्होरकीचे काम ऊना चॅप्लिन यांनी केले आहे आणि बाबा, ती चार्ली चॅप्लिन यांची नात बरे का! देवतेने संकटात पाठ फिरवली म्हणून तिला सोडून देणारी माणसे हा केवढा विषय होता. पण थोड्याच वेळात पुन्हा पोरे पळवून नेणे, पुन्हा ती सोडवणे आणि पुन्हा तोच खलनायक हे रहाटगाडगे सुरू झाले. नातू मात्र डोळे विस्फारून पाहत होता, तेव्हा माझे मत तराजूच्या एका पारड्यात आणि त्याचे दुसऱ्या पारड्यात ठेवा.

इथे मला आईचे एक वाक्य आठवते. प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' टीव्हीवर पाहताना वैकुंठाचे विमान वर जाऊ लागले, तेव्हा मी, कॉलेजात जाणारी शहाणी मुलगी, "ट्रिकसीन किती कळून येतो" म्हणून हसले होते. तू भाजी निवडता निवडता म्हणालीस, "विमान खोटं असू दे, मागे राहिलेली आवली खरी आहे ना?" आई, त्या दिवसापासून मी प्रत्येक चित्रपटात आवली शोधते.

ती मला सर्वांत स्पष्ट दिसली 'इंटरस्टेलर'मध्ये. क्रिस्टोफर नोलन यांचा हा चित्रपट २०१४ सालचा आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो इथे आयमॅक्सवर पुन्हा लागला तेव्हा पहाटेच्या खेळांनासुद्धा तिकीट मिळेना. त्यातली कृष्णविवराची मांडणी किप थॉर्न या शास्त्रज्ञाच्या सल्ल्याने केलेली आहे. त्यांना पुढे २०१७ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावर घालवलेला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, असे ते गणित आहे. बाबा, आपल्या नारळीकर सरांनी 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती हे तुम्हीच मला सांगितले होते, त्यामुळे असल्या गणिताला मराठी वाचक बिचकणार नाही. सर गेल्या मे महिन्यात गेले. हा चित्रपट मी तुमच्याबरोबर पाहून मग त्यांच्या कथा पुन्हा वाचायला घेणार होते, ते राहून गेले.

तर त्या ग्रहावरून नायक यानात परततो, तेव्हा पृथ्वीवर तेवीस वर्षे लोटलेली असतात आणि त्याच्या मुलांनी पाठवलेले निरोप साठून राहिलेले असतात. तो एका जागी बसून ते ओळीने पाहतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, बाप होतो, आणि शेवटी लहानपणी अबोला धरून बसलेली मुलगी बापाच्याच वयाची होऊन समोर येते. तिथे ना स्फोट आहे ना लढाई. एक माणूस पडद्याकडे पाहून रडतो आहे, इतकेच. २०१४ मध्ये मी ते दृश्य मुलीच्या जागेवरून पाहिले होते. गेल्या वर्षी कोणाच्या जागेवरून पाहावे ते मला कळेना. त्या रात्री परळ स्थानकावरून मी पावणेअकराला फोन केला आणि आईने घाबरून "काय झालं गो?" म्हणून विचारले, तेव्हा मी "सहज" म्हणाले होते. त्याचे कारण हे होते.

आपल्या मातीतल्या गोष्टींकडे मात्र आपल्या मंडळींनी अजून पुरेसे पाहिलेले नाही, असे मला वाटते. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा थोड्यांनीच पाहिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवला. सोन्याच्या मोहरांसाठी पिठाची बाहुली घेऊन देवीच्या गर्भात राक्षसापुढे उतरणारी पिढ्यांची हाव, आणि अष्टौप्रहर कोसळणारा आपल्याकडचा पाऊस. दोन तासांच्या आत गोष्ट सुरू होऊन संपतेसुद्धा. केरळातल्या मंडळींनी गेल्या ऑगस्टमध्ये 'लोका' आणला आणि लोककथेतली यक्षी थेट आजच्या बंगळुरात आणून सोडली. आपल्याकडे वेताळ आहे, देवचार आहे, गावाची वेस सांभाळणारा राखणदार आहे; त्यांना कोणी हात लावील तर मी पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला जाऊन बसेन. दिलीप प्रभावळकरांचा 'दशावतार' तुम्ही कुडाळला जाऊन पाहिलात, त्याविषयी बाबा अजून नीट काही बोललेले नाहीत. नुसते "बरो आसा" हे मत मी धरणार नाही.

खरे सांगायचे तर या सगळ्या कोट्यवधींच्या पडद्यांकडे पाहताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्या देवळासमोरचे ते लाकडी बाकडे असते. जत्रेतल्या दशावतारी नाटकात तेच सिंहासन, तेच रान, तेच डोंगराचे टोक. राजा त्यावर बसला की दरबार भरला आणि राक्षस त्यावर उभा राहिला की आम्हा पोरांची दातखीळ बसली. लिहिलेली संहिता नसे, संवाद जागेवर सुचत, पण पूर्वरंगातला संकासुर येऊन गेला की आख्यान सुरू होणार आणि कितीही लांबले तरी उजाडायच्या आत ते पुरे होणार याची सर्वांना खात्री असे. "राहिलेला वध पुढल्या जत्रेला" असे कोणी सांगितले असते, तर गावाने त्यांना पेटारा उचलू दिला नसता.

शिमग्यानंतर तुम्ही इकडे याल तेव्हा इरॉसला जाण्याचे माझ्या मनात आहे. चित्रपट कोणता ते मी आधी स्वतः पाहून, शेवट आहे याची खात्री करून ठरवीन. आईने गुडघ्याची काळजी करू नये, वर जायला लिफ्ट आहे.

या वर्षी आपल्या जत्रेला कोणते आख्यान लावले होते, संकासुर कोणी केला होता आणि पहाटे किती वाजता संपले, ते बाबांनी सविस्तर कळवावे.

तुमची,
मनीषा