जुनं कूलंट टाकायचं तरी कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात साताऱ्याला निघालो होतो, खोपोली सोडून घाट चढायला लागलो आणि गाडीचा काटा सरळ लालवर गेला. एसी बंद केला, कडेला घेतली, बॉनेट उघडलं तर रिझर्व्ह डब्यातलं पाणी उकळून बाहेर आलेलं आणि रंग चहासारखा. गाडी छोटी, नऊ वर्षं जुनी. चूक माझीच होती, कारण ‘मुंबईत कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला, पाणी टाका’ हे कोणीतरी सांगितलेलं आणि मी तीन वर्षं नळाचंच पाणी टाकत होतो.

हा गैरसमज खूप लोकांचा आहे म्हणून सांगतो. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव्य, ते फक्त थंडीसाठी नसतं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल पाण्यात अर्धंअर्धं मिसळलं की ते 100 नाही तर 107 अंशांच्या आसपास उकळतं, वर रेडिएटरच्या झाकणाचा दाब असतो त्याने आणखी वर जातं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गंज न चढू देणारी रसायनं त्यात असतात. नळाच्या पाण्यात क्षार असतात, क्लोरीन असतं, आतून सगळं खात जातं, माझ्या गाडीतून जे लालसर पाणी निघालं तो गंजच होता.

तर परत आल्यावर एका रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्वतःच काम केलं. अवघड काही नाही, पण इंजिन पूर्ण थंड पाहिजे, गरम असताना झाकण उघडलं तर वाफेने तोंड भाजतं, हे कृपा करून कोणी विसरू नका. खाली टब ठेवला, रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे रबरी पाईप, पकडीने क्लिप दाबून काढला. हीटरचा नॉब आधीच लालकडे फिरवून ठेवलेला म्हणजे हीटरच्या पाईपातलं पण निघतं. पहिल्या खेपेला अडीच लिटरच निघालं, बाकी इंजिनमध्येच राहतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरून, पंखा लागेपर्यंत गाडी चालू ठेवून, थंड करून परत सोडलं, असं तीनदा, तेव्हा कुठे पाणी स्वच्छ यायला लागलं. मग नरसाळ्याने नवीन हिरवं कूलंट हळूहळू भरलं, झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू केलं, बुडबुडे येत राहतात, ते थांबले आणि वरचा होज हाताला गरम लागला की समजायचं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडणारी झडप, उघडला, हवा निघाली. हवा आत राहिली तर नवीन कूलंट भरूनही गाडी गरम होते. आधी हिरवं असेल तर वर लाल ओतू नका, आतली रसायनं वेगळी असतात, शंका असेल तर गाडीचं पुस्तक बघा.

पण पत्र लिहायचं कारण पुढे आहे.

ओतताना थोडं नवीन कूलंट खाली सांडलं, मी कपडा आणायला वर गेलो. पाठोपाठ भाचीची हाक आली, ‘मामा, मांजर!’ आमच्या विंगची पांढरी मांजर वाकून ते हिरवं चाटायच्या बेतात, नाक अगदी टेकलेलं. भाचीने चप्पल आपटून हाकललं म्हणून वाचली. हे पाणी चवीला गोड असतं, मांजरं कुत्री सहज चाटतात, आणि मांजराला चमचा-दोन चमचे पुरतात. आधी झिंगल्यासारखं चालतं, मग बरं वाटल्यासारखं होतं आणि एक-दोन दिवसांत किडन्या जातात कारण शरीरात त्याचं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड होऊन खडे जमतात. लहान मुलांनाही तितकंच घातक आहे.

टबातलं जुनं पाणी टाकायचं कुठे म्हणून जवळच्या गॅरेजवाल्याला विचारलं, जुनं ऑइल नेतात तसं हे कोणी नेतं का? तो म्हणाला, ऑइलला भाव आहे दादा, याला नाही, गटारात सोडा, सगळेच सोडतात. आमच्या भांडुपचं पावसाळी गटार नाल्याला मिळतं आणि नाला ठाणे खाडीला, मध्ये कुठे काही साफ होत नाही. त्याच खाडीवर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, 2022 मध्ये तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. त्यात गंज आणि धातू मिसळलेलं हे पाणी सोडायला माझा हात धजला नाही.

2016च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत घरगुती घातक कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र असावं असं लिहिलं होतं. उदाहरणांत रंगाचे डबे होते, औषधं होती, ट्यूबलाइट होत्या, गाडीच्या कूलंटचं नाव नव्हतं. महापालिकेने ते आपल्या यादीत स्पष्ट घालावं आणि जमा करायची जागा प्रत्येक वॉर्डात बोर्ड लावून सांगावी. गॅरेजांकडूनही ते गोळा केलं पाहिजे, माझ्यासारखा कधीतरी एकदा करतो, ते रोज करतात. अमेरिकेत ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी कूलंटमध्ये कडू द्रव्य घालायची सक्ती केलीय, म्हणजे जनावराने तोंड लावू नये म्हणून, तशी सक्ती आपल्याकडे सरकारने का करू नये?

माझे पाच लिटरचे दोन कॅन आणि वर एक बाटली गॅलरीत वरच्या फळीवर ठेवलीय, झाकणं घट्ट, वर मार्करने ‘विष’ लिहिलंय. कुठे द्यायचं ते कळलं की त्याच दिवशी नेऊन देतो.

– एक वाचक, भांडुप (पूर्व)