नऊ महिने टिकलेला कायदा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील सुधारणा-काळाची (साधारण १८९० ते १९२०) गाजलेली भाषणे आणि कायदे यांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मन लावून वाचला. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचे १८९६चे शिकागोतील भाषण, थिओडोर रूझवेल्ट यांचे १९१०चे कॅन्ससमधील ओसावाटमीचे भाषण, ३० जून १९०६ या एकाच दिवशी सही झालेले अन्नशुद्धी आणि मांसतपासणीचे कायदे, हे सगळे लेखात नीट आले आहे. बालमजुरीला मात्र एकच वाक्य मिळाले: १९१६मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी कीटिंग-ओवेन कायद्यावर सही केली आणि बालमजुरी बंद झाली. मी कारखाना निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. ते वाक्य वाचून गप्प बसणे मला जमले नाही.

या लेखात फ्लॉरेन्स केली यांचे नावच नाही, याचे मला फार वाईट वाटले. इलिनॉय राज्याने १८९३मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला ठेवण्यास बंदी घातली, तेव्हा गव्हर्नर ऑल्टगेल्ड यांनी केलींना मुख्य कारखाना निरीक्षक नेमले. हाताखाली अकरा माणसे आणि तपासायला अख्खे राज्य! सरकारी वकील खटले चालवायला टाळाटाळ करतात हे दिसल्यावर त्या स्वतः नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कायदा शिकल्या आणि १८९५मध्ये पदवीधर झाल्या. अहवाल पाठवायचा, आणि तो कुणाच्या तरी टेबलावर पडून राहताना बघायचा, हे ज्याने सोसले आहे त्यालाच या पदवीची किंमत कळेल.

त्यांचे २२ जुलै १९०५चे फिलाडेल्फियातील भाषण लेखात पहिल्या ओळीत हवे होते. स्त्री-मताधिकाराच्या अधिवेशनात जमलेल्या बायकांना त्यांनी सांगितले, की आज रात्री आपण झोपेत असू तेव्हा हजारो लहान मुली कापडगिरण्यांत रात्रभर राबत असतील. मग एकेका राज्याचा कायदा त्यांनी सभेपुढे मांडला. पेनसिल्व्हेनियात तोवर तेरावा वाढदिवस झालेली मुलगी मध्यरात्रीच्या जेवणाचा डबा घेऊन संध्याकाळी साडेपाचला घराबाहेर पडू शकत होती आणि सहा ते सहा, बारा तास, गिरणीत उभी राहू शकत होती. त्यात कुठलाही कायदा मोडत नव्हता. जॉर्जियात तर कसलेच बंधन नव्हते. ही मुले आपले बूट बनवतात, आपले पायमोजे विणतात, तेव्हा या सभागृहातले कुणीही यातून मोकळे नाही, असे त्यांनी बजावले. जॉर्जियातील आयांना आणि शिक्षिकांना मत असते, तर तिथल्या विधिमंडळाने बारा वर्षांखालील मुलांचे काम थांबवायला सलग तीन वर्षे नकार दिला असता का, हाही त्यांचाच प्रश्न. मताधिकार आणि बालमजुरी एकाच दाव्यात इतकी घट्ट बांधणारे दुसरे भाषण मी वाचलेले नाही.

आता १९१६च्या कायद्याकडे येते. विल्सन यांनी १९०८मध्ये संघीय बालमजुरी कायद्याची कल्पना घटनेच्या मर्यादेबाहेरची मानली होती. निवडणुकीच्या वर्षात त्यांचे मत बदलले. कायद्याची रचना अशी, की चौदा वर्षांखालील मुले राबवणाऱ्या कारखान्यांचा आणि सोळा वर्षांखालील मुले राबवणाऱ्या खाणींचा माल राज्याबाहेर विकता येणार नाही. कारखान्यात चौदा ते सोळा वयाच्या मुलांना दिवसाला आठ तासच काम आणि रात्रपाळी नाही. भेसळीच्या मालाला राज्याची सीमा ओलांडू न देणारा १९०६चा अन्नशुद्धी कायदा न्यायालयात टिकला होता. हा कायदाही त्याच पायावर उभा होता.

अंमल सुरू झाला १ सप्टेंबर १९१७ला. कापडगिरणीवाल्यांच्या संघटनेने त्याआधीच खटल्यासाठी सोयीचा बाप शोधून ठेवला होता: नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथील रोलंड डेगनहार्ट. रूबेन आणि जॉन ही त्याची दोन मुले गिरणीत कामाला होती. मुलांच्या मजुरीवर माझा हक्क आहे आणि कायदा तो हिरावतो, असा त्याचा दावा. ३ जून १९१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द केला. उत्पादन हा राज्यांचा विषय, आणि मुलांनी विणलेले कापड स्वतः काही अपायकारक नाही, असे बहुमताचे म्हणणे. न्यायमूर्ती होम्स यांनी विरोधी निकालपत्रात लिहिले, की सगळ्या सुधारलेल्या देशांचे एकमत असलेली एखादी गोष्ट असेल तर ती लहान वयातील अति श्रमांचे वाईटपण ही आहे. पण निकाल बहुमताचा लागतो. सारा मिळून नऊ महिन्यांचा कारभार.

१९१९मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मुलांना राबवणाऱ्या मालकांच्या नफ्यावर दहा टक्के कर बसवला. न्यायालयाने १९२२मध्ये तोही उडवला. १९२४मध्ये काँग्रेसने बालमजुरीवर कायदा करण्याचा अधिकार स्वतःला देणारी घटनादुरुस्ती मंजूर करून राज्यांकडे पाठवली. छत्तीस राज्यांची संमती हवी होती, मिळाली अठ्ठावीसांची. ती दुरुस्ती आजही लोंबकळत पडली आहे.

रूबेन डेगनहार्टला एका पत्रकाराने १९२३ साली गाठले. जिंकून काय मिळाले, असे विचारल्यावर त्याला आठवली ती मोठ्या वकिलांनी घडवलेली मोटारीची सफर आणि दोघा भावांना पाजलेला कोकाकोला. तोवर तो बाप्या झाला होता, वजन १०५ पौंड, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोही नाही, आणि शिक्षण शून्य. ते जिंकले नसते तर माझे बरे झाले असते, असे तो म्हणाला. त्या पाच न्यायमूर्तींनी या मुलाचा राबण्याचा ‘हक्क’ राखला होता.

देशभर टिकणारी बंदी आली ती २५ जून १९३८च्या न्याय्य श्रममान कायद्याने, आणि ती घटनेत बसते हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९४१मध्ये एकमताने मान्य केले. केली तोवर नव्हत्या. १९३२मध्ये त्या वारल्या. शिवाय १९३८च्या कायद्यातही शेतीला मोठी सूट राहिली. पालकांची संमती असेल तर बारा वर्षांचे मूल शाळेच्या वेळेबाहेर आजही तिथे शेतात मजुरी करू शकते, तंबाखूच्या शेतातसुद्धा.

म्हणून माझी विनंती आहे. लेखातील १९१६च्या नोंदीपुढे १९१८चा निकाल छापावा, १९३८ हे साल घालावे, आणि केली यांचे फिलाडेल्फियाचे भाषण पुरवणीत मराठीत संपूर्ण द्यावे. ते फार लांब नाही, पुरवणीच्या एका पानात सहज बसेल.

आपली,
एक निवृत्त कारखाना निरीक्षक