काळ्या दगडाची लाल रेघ

डिचोली, गोवा

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझा आवाज रडवेला झाला, ते रात्रभर डोक्यातून गेलं नाही. हेमॅटाइटचा, म्हणजे आपल्या लोहखनिजाचा, बँड गॅप (उजेड गिळून वर उडी मारायला इलेक्ट्रॉनला लागणारी किमान ऊर्जा) प्रत्यक्षात २ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या थोडा वर, आणि तुझ्या गणितात जेमतेम त्याचा पाव हिस्सा. तेही ‘परम प्रवेग’ महासंगणकावर एवढे दिवस जॉब चालवून!

पण बाळा, तूच मला समजावलं होतंस. लोखंडाच्या एका अणूत २६ इलेक्ट्रॉन, प्रत्येकाचे तीन निर्देशांक, मिळून ७८. दर निर्देशांकाला दहाच बिंदू घेतले तरी एकावर ७८ शून्यं इतके आकडे. सेकंदाला ३३ लाख अब्ज आकडेमोडी करणारं यंत्रही तिथे थिटंच. वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये वाट काढली: एकेका इलेक्ट्रॉनच्या मागे धावू नका, कुठे किती दाटी आहे तेवढं पाहा. तीन निर्देशांकांत भागलं! जन्मभर रसायनांत हात घातलेल्या मला यापेक्षा देखणं काही माहीत नाही. फक्त इलेक्ट्रॉन एकमेकांना कसे टाळतात, ते पद अंदाजाने लिहावं लागतं, आणि लोखंडाचे डी-इलेक्ट्रॉन, आपापल्या अणूला चिकटून राहणारे, नेमके तिथेच अडवतात. यात तुझी चूक नाही.

आठवतं? न्हाणीघरातल्या उरलेल्या फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर तू खाणीवरचा हेमॅटाइटचा काळा चकचकीत दगड ओढायचीस. लाल रेघ उमटली की टाळ्या. गॅप तुझ्या पहिल्या उत्तराइतका असता, तर दगडाने सगळाच उजेड गिळला असता, रेघही काळीच आली असती.

मला काळजी वाटली ती तुझ्या दुसऱ्या वाक्याची: “यू वाढवला की गॅप जुळतो, बाबा.” यू म्हणजे डी-इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीसाठी गणितात वरून घालायचा तो आकडा. एकदा पावसाच्या तोंडावर खनिजाची बार्ज भरून धक्क्याला उभी होती. प्रयोगशाळेत लोखंड मोजताना डायक्रोमेटचा शेवटचा थेंब पडून फ्लास्क जांभळा झाला. दोन्ही वेळा लोखंड ५७.४ टक्के. वरच्यांनी ५८ लिहायला सांगितलं. मी लिहिलं. त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि तो जांभळा रंग अजून डोळ्यांपुढे येतो.

तू तसं करू नकोस. यूची किंमत गणितातूनच काढायची रीत आहे म्हणाली होतीस. वेळ खाईल, खाऊ दे. मग त्याच यूने अणूंमधली अंतरं आणि लोखंडाचं चुंबकत्व तपास. गॅप तरीही कमी आला, तर प्रबंधात तसाच कमी लिही.

फरशीचा तुकडा मागीलदारी सापडला, दगडही आहे. चवथीला दोन दिवस आधी ये, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला तू हवीस. येताना इलेक्ट्रॉनांच्या दाटीचं ते रंगीत चित्र मोठं छापून आण. आईलाही पाहायचं आहे.

तुझा,
बाबा