झोंबणारा झॉम्बी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अ‍ॅनिमेशन म्हणजे लहान मुलांचे आणि झॉम्बी (चावून दुसऱ्यालाही आपल्यासारखे करणारी चालती प्रेते) म्हणजे रिकामटेकड्यांचे, अशी माझी वर्षानुवर्षांची समजूत. ‘सोल स्टेशन’ हा २०१६ सालचा कोरियन अ‍ॅनिमेशनपट पाहिला आणि ती मोडली. दिग्दर्शक येऑन संग-हो. त्यांचाच ‘ट्रेन टू बुसान’ हा धावत्या रेल्वेगाडीतला झॉम्बीपट त्याच वर्षी आला आणि जगभर गाजला. गाडीतल्या त्या थराराच्या आधीची रात्र या चित्रपटात आहे. तो पाहिलेले दहा जण भेटतील, हा पाहिलेला एखादाच.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. राजधानी सोलच्या रेल्वे स्टेशनाजवळ दोन तरुण कल्याणकारी योजना सगळ्यांना मिळायला हव्यात वगैरे बोलत उभे असतात. समोरून एक रक्तबंबाळ म्हातारा लडखडत जातो. त्यातला एक मदतीला पुढे होतो आणि तसाच परत फिरतो. बेघर आहे, वास येतो! म्हाताऱ्याचा सोबती त्याच्यासाठी वणवण करतो, पण कुणी दाद देत नाही. म्हाताऱ्याने अजून कुणालाही चावलेले नसते. लोकांच्या लेखी तो त्याआधीच माणसांतून उठलेला असतो.

हे स्टेशन दिग्दर्शकाने उगाच निवडलेले नाही. १९९७च्या आर्थिक संकटात कोरियात असंख्य लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि त्यातले कित्येक सोल स्टेशनाच्या आसऱ्याला आले. चित्रपटातल्या पोलिसांना म्हणूनच रोगाची साथ दिसत नाही, बेघरांची दंगल दिसते. जीव वाचवून पळणाऱ्यांची वाट अडवली जाते, त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले जातात. नायिका घर सोडून आलेली, डोक्यावर छप्पर नसलेली मुलगी. शेवटची झटापट होते ती मात्र एका चकचकीत सॅम्पल फ्लॅटमध्ये. सोफा, पलंग, पडदे सगळे जागच्या जागी, राहणारे कुणी नाही. काय होते ते सांगत नाही.

यातली चित्रे सुरेख नाहीत. माणसांच्या हालचाली ताठर, अडखळत्या वाटतात आणि सुरुवातीला मला ते खटकलेही. मग लक्षात आले, की जिवंत आणि मेलेले इथे जवळजवळ सारखेच चालतात. ओळखीचा नट असता, तर ‘हा वाचणारच’ या भरवशावर मी निवांत बसलो असतो. रेखाटलेल्या चेहऱ्याकडून तसा दिलासा मिळत नाही. मधला भाग रेंगाळतो आणि नायिकेच्या वाट्याला रडण्यापलीकडे फारसे काही नाही, हे दोष आहेतच.

झॉम्बीचे मूळही काही करमणुकीतले नव्हे. हैतीत उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना मेल्यावरही सुटका नसण्याची जी धास्ती होती, तिच्याशी ही कल्पना जोडलेली आहे. त्या मानाने दचकवण्यासाठी अंगावर धावून येणारा झॉम्बी फारच अलीकडचा म्हणायचा.

तेव्हा परीक्षणे लिहिताना असा चित्रपट ‘भीती वाटली की नाही’ एवढ्याच मापाने मोजू नये, ही विनंती. आणि पालकांनी ‘कार्टून आहे’ म्हणून तो मुलांपुढे लावून आपल्या कामाला जाऊ नये. हा निव्वळ मोठ्यांचा चित्रपट आहे.

आपला,
एक वाचक