डीएचचा दाखला अर्धाच दिला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयपीएलमधल्या इम्पॅक्ट प्लेयरची, म्हणजे सामना चालू असताना एका खेळाडूला काढून दुसरा उतरवू देणाऱ्या नियमाची, तरफदारी करताना ‘अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनीही पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) बॅटिंगमधून मोकळे केलेच की’ असा दाखला आपल्या सदरात नुकताच वाचला. दाखला खरा आहे, पण अर्धा.

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये दोन लीग आहेत. त्यांतल्या अमेरिकन लीगने १९७३ मध्ये डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे डीएच, आणला. पिचरने फक्त चेंडू फेकायचा, त्याच्या वाट्याची बॅटिंग दहावा गडी करणार. दुसऱ्या, नॅशनल लीगने मात्र जवळपास अर्धे शतक याला दाद दिली नाही. २०२० च्या करोना मोसमापुरता डीएच घेतला, २०२१ मध्ये पिचर पुन्हा बॅट घेऊन उभे राहिले आणि २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये तो कायमचा झाला.

पिचरच्या बॅटिंगबद्दल हळहळणाऱ्यांनी २०२१ चे आकडे पाहावेत. सगळ्या पिचरांची मिळून सरासरी .११०, म्हणजे शंभर अधिकृत पाळ्यांत अकरा हिट. त्याच मोसमात सर्व बॅटरांची सरासरी .२४४ होती. १८.४४ मीटरवरून ताशी १५० किलोमीटरने सुटलेला चेंडू ०.४ सेकंदात येऊन पोहोचतो. रोज सराव असलेल्यांचीही तिथे भंबेरी उडते, तर कॉलेजपासून बॅट सुटलेल्या पिचरचे काय होणार? बेसवर रनर असेल तर बंट (रनर पुढे सरकावा म्हणून बॅटने चेंडू नुसता हलकेच अडवणे), नसेल तर बहुधा तीन स्ट्राइक होऊन आउट. प्रतिस्पर्धी आठव्या बॅटरला मुद्दाम वॉक, म्हणजे पहिला बेस फुकट, देऊन नवव्या क्रमांकावरच्या पिचरला गाठत. दुखापती वेगळ्याच. सलग दोन मोसमांत १९-१९ सामने जिंकलेला न्यूयॉर्क यांकीज संघाचा पिचर चियेन-मिंग वांग २००८ मध्ये ह्यूस्टनला बेस धावताना पाय दुखावून बसला. त्याचा मोसम तिथेच संपला.

तरीही डीएचमुळे एक गोष्ट गेली, ती म्हणजे मॅनेजरचे डोके लढवणे. नऊ जणांचा बॅटिंगचा क्रम ठरलेला असतो आणि एक इनिंग जिथे थांबली तिथूनच पुढची सुरू होते. समजा आठव्या क्रमांकाचा बॅटर, जो लेफ्ट फील्डर आहे, तिसरा आउट होऊन इनिंग संपली. आता पिचर बदलायचा आहे, पण पुढच्या वेळी पहिली पाळी नवव्या क्रमांकाची, म्हणजे पिचरचीच. मग मॅनेजर एका दमात दोघांना बदलायचा: नवा पिचर आठव्या जागी, नवा लेफ्ट फील्डर नवव्या जागी. पिचरची पाळी थेट आठ बॅटरांनंतर गेली. मात्र काढलेला लेफ्ट फील्डर त्या सामन्यात परत येत नाही. तो चांगला असेल तर दोन इनिंगनंतर हात चोळत बसायचे. याला डबल स्विच म्हणत. डीएच सर्वत्र आल्यावर तो जवळजवळ संपला.

पण डीएचही फुकट मिळत नाही, आणि तुलना करणारे नेमके हेच विसरतात. डीएचला सामन्याच्या मध्येच पहिल्या बेसवर फील्डिंगला पाठवले, तर संघाचा डीएच गेला. बाहेर गेलेल्या पहिल्या बेसमनच्या जागी पिचरला बॅटिंग करावी लागते. उलट, दोन्ही कामे जमणाऱ्याला नियमाने पाठबळच दिले. २०२२ पासून सुरुवातीचा पिचर स्वतःच डीएच असेल, तर माउंडवरून (पिचिंगच्या उंचवट्यावरून) उतरल्यावरही तो बॅटिंग करत राहू शकतो. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही गाजवणारा शोहेइ ओहतानी समोर असल्यावर दुसरे काय करणार म्हणा!

इम्पॅक्ट प्लेयरचे उलटे आहे. चार षटके टाकून झालेल्या बोलरला काढून निव्वळ बॅटर आणायचा किंवा आउट झालेल्या बॅटरच्या जागी चार षटकांचा बोलर, आणि याची किंमत शून्य. मग दोन षटके टाकून सातव्या क्रमांकावर वीस धावा करणारा संघात हवा कोणाला? २०२४ मध्ये रोहित शर्माने नाराजी बोलून दाखवली ती याच मुद्द्यावर. त्याने वॉशिंग्टन सुंदर आणि शिवम दुबेची नावेही घेतली होती.

नियम ठेवायचाच असेल, तर बेसबॉलमधलाच एक प्रयोग पाहावा. अटलांटिक लीग या अमेरिकेतल्या छोट्या लीगने २०२१ मध्ये सुरुवातीचा पिचर काढला की संघाचा डीएचही जाईल, अशी सांगड घातली होती. आयपीएलपुरती सांगड सोपी आहे: बाहेर गेलेल्याने टाकलेली षटके नव्या खेळाडूच्या चार षटकांतून वजा करावीत आणि आउट झालेल्याच्या जागी आलेल्याला बॅटिंग देऊ नये. सय्यद मुश्ताक अली या देशांतर्गत टी-२० स्पर्धेतून बीसीसीआयने हा नियम २०२४ मध्ये काढलाच आहे. आयपीएलमध्ये निदान एवढी दुरुस्ती करून पाहायला हरकत नसावी.

आपला,
एक वाचक, पुणे